पक्षी म्हणजे डायनासोरच आणि मगर पालीपेक्षा पक्ष्याला जवळची, हे शास्त्रज्ञ नेमकं ठरवतात कसं?

तुम्ही विचारलंय की शाळेत सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल असं पाठ केलं आणि आता जिथे तिथे ऐकू येतं की पक्षी हे डायनासोरच आहेत, मगर पालीपेक्षा पक्ष्याला जवळची आहे आणि 'मासे' असा काही गटच नाही, मग हे ठरवतात कशावरून, दिसण्यावरून की डीएनएवरून, आणि दोघांची उत्तरं वेगळी आली तर खरं कोणाचं मानायचं. मी प्राणीशास्त्रात एमएस्सी केलं, प्रोजेक्ट जमिनीवरच्या गोगलगायींच्या वर्गीकरणावर होता, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

आधी 'नातं' म्हणजे काय ते बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. इथे नात्याचा अर्थ एकच, दोघांचा सामाईक पूर्वज किती अलीकडचा. तुमचा सख्खा भाऊ तुमच्यासारखा अजिबात दिसत नसेल आणि चुलतभाऊ हुबेहूब तुमच्यासारखा असेल तरी सख्खा तो सख्खाच, कारण त्याच्याशी तुमचं मूळ आईवडिलांपाशी जुळतं आणि चुलतभावाशी आजोबांपाशी. मगरीचंही तसंच आहे. ती दिसते पालीच्या खानदानातली, पण मगर आणि पक्षी यांचा सामाईक पूर्वज हा मगर आणि पाल यांच्या सामाईक पूर्वजापेक्षा नंतरचा. पक्ष्यांचं रूप मधल्या काळात खूप बदललं, मगरीचं त्या मानाने कमी, म्हणून डोळा फसतो. साम्य मोजणं आणि नातं शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत एवढं धरून ठेवलं की पुढचं सोपं जातं.

शाळेतल्या त्या उतरंडीची सुरुवात लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाची. त्याचं पुस्तक १७३५ मध्ये आलं तेव्हा त्यात देवमासा माशांमध्येच होता, १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो सस्तन प्राण्यांत नेला. आपल्या भाषेत मात्र तो अजून देवमासाच आहे आणि तारामासाही मासाच आहे, जो खरं तर कुठल्याही किड्यापेक्षा किंवा गोगलगायीपेक्षा आपल्याला जवळचा आहे. पण लिनिअसच्या डोक्यात उत्क्रांती नव्हती, तो रचना लावत होता. वर्गीकरण म्हणजे वंशावळच असायला हवी ही कल्पना डार्विनची, १८५९ च्या त्याच्या पुस्तकात आकृती एकच आहे आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाची आहे. गंमत म्हणजे पुढची जवळजवळ शंभर वर्षं वंशावळ हवी हे सगळे मान्य करत होते, पण ती काढायची कशी याची एक ठरलेली पद्धत नव्हती. त्या त्या गटाचा तज्ज्ञ अनुभवावरून सांगायचा आणि दुसरा तज्ज्ञ दुसरं सांगायचा.

ती पद्धत दिली विली हेनिग नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने. माश्यांवर, म्हणजे उडणाऱ्या माश्यांवर काम करणारा माणूस, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा युद्धकैदी असताना त्याने या विचारांचा पहिला खर्डा लिहिला, १९५० मध्ये जर्मनमध्ये पुस्तक आलं आणि १९६६ मध्ये इंग्रजीत आल्यावर जगभर पोचलं. त्याचं म्हणणं ऐकायला साधं आहे पण मला आजही ते जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर विचारांपैकी एक वाटतं. तो म्हणाला, साम्य सगळं सारखं नसतं. नातं फक्त एकाच प्रकारच्या साम्यावरून कळतं, ते म्हणजे नव्याने आलेलं आणि वाटून घेतलेलं साम्य.

उदाहरण घ्या. माणसाच्या हाताला पाच बोटं, पालीच्या पायाला पाच बोटं, घोड्याच्या पायाला एकच. बोटं मोजून गट केले तर माणूस आणि पाल एकत्र आणि घोडा बाहेर. चुकीचं आहे हे कुणीही सांगेल, पण का चुकीचं? कारण पाच बोटं ही आजच्या सगळ्या चार पायांच्या प्राण्यांच्या पूर्वजापासून चालत आलेली जुनी गोष्ट आहे. ती माणसाकडे आहे आणि पालीकडे आहे याचा अर्थ एवढाच की दोघांनी ती टाकली नाही, घोड्याच्या वंशात ती गेली. जुनी वस्तू जपून ठेवली यावरून दोघं जवळचे ठरत नाहीत. उलट केस, दूध, कानातली तीन छोटी हाडं ही माणूस आणि घोडा यांच्याकडे आहेत, पालीकडे नाहीत, आणि ती सस्तनांच्या वाटेवर नव्याने आलेली आहेत. म्हणून ती पुरावा ठरतात.

आता लगेच शंका येते की नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे कसं कळलं, तेव्हा तर कुणी बघायला नव्हतं. त्यासाठी आउटग्रुप घेतात, म्हणजे ज्यांचं नातं शोधायचंय त्यांच्या बाहेरचा, पण फार लांबचा नाही असा एखादा जीव. माणूस, पाल, घोडा यांच्यासाठी बेडूक घ्या. बेडकाकडे केस नाहीत, दूध नाही, म्हणजे ते नसणं ही मूळ स्थिती आणि असणं ही नवी. मागच्या पायाची बोटं बेडकालाही पाच आहेत, म्हणजे ते जुनं. आउटग्रुप चुकीचा निवडला की झाडाचं मूळच चुकीच्या जागी बसतं आणि पुढचं सगळं वाचन उलटंपालटं होतं, त्यामुळे यावर खूप विचार करावा लागतो.

दुसरी अडचण म्हणजे एकच गोष्ट दोन वेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे येते. वटवाघळाचे पंख आणि पक्ष्याचे पंख सगळ्यांना माहीत असतात, मी हृदयाचं सांगते कारण त्यात तुमची मगर आहे. पालीच्या हृदयाला तीन कप्पे, मगरीच्या हृदयाला चार आणि पक्ष्याच्याही हृदयाला चार. वाटतं की झालं काम, मगर आणि पक्षी एकत्र. पण आपल्याही हृदयाला चारच आहेत, मग आपण पक्ष्यांचे भाऊबंद का? नाही. म्हणूनच एका लक्षणावर कुणी झाड काढत नाही. शेकडो लक्षणांचा तक्ता करतात, कवटीतली छिद्रं, दातांची मुळं, मनगटाची हाडं, हे आहे का नाही, असेल तर कुठल्या रूपात, आणि मग शक्य असलेल्या प्रत्येक झाडावर ही लक्षणं बसवून बघतात की कुठल्या झाडात सगळ्यात कमी वेळा बदल मानावे लागतात. याला पार्सिमनी म्हणतात. सस्तनांना मगर आणि पक्ष्यांसोबत ठेवून पाल बाहेर काढली तर हृदयाचा एक बदल वाचतो, पण पाल, मगर आणि पक्षी यांच्या कवटीतल्या छिद्रांसारख्या बाकीच्या कितीतरी गोष्टी दोनदोनदा उगवल्या किंवा येऊन गेल्या असं मानावं लागतं. मगर आणि पक्षी एकत्र आणि सस्तन बाहेर ठेवले तर चार कप्पे दोनदा आले एवढंच मानावं लागतं आणि बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

माझ्या प्रोजेक्टमध्ये हे मी स्वतः अनुभवलं. चपट्या शंखाच्या दोन गोगलगायी होत्या, जुन्या यादीत शेजारीशेजारी, मीही शंखाची मापं घेऊन त्या एकत्रच ठेवल्या होत्या. आमच्या मॅडम म्हणाल्या शंख बाजूला ठेव आणि आतली प्रजनन संस्था उघडून बघ, गोगलगायींमध्ये तीच जास्त विश्वासाची असते. मायक्रोस्कोपखाली आठवडाभर तेच केलं आणि दोघींची आतली रचना इतकी वेगळी निघाली की त्या एका घरातल्या असणं शक्यच वाटेना. नंतर डीएनएनेही तेच सांगितलं. शंखाचा आकार हा गोगलगाय कुठे राहते, कुठल्या फटीत शिरते यावर ठरतो आणि तो पुन्हा पुन्हा तसाच घडतो. बिनशंखाच्या गोगलगायी तर कितीतरी वेगवेगळ्या वंशांत शंख हरवून तयार झाल्या आहेत, म्हणून 'बिनशंखाच्या' हा बोलायला सोयीचा शब्द आहे, वंशावळीतली फांदी नाही.

इथेच तुमच्या माशांचं उत्तर मिळतं. आजच्या पद्धतीत गट म्हणजे एक पूर्वज आणि त्याची सगळीच्या सगळी पिलावळ, कुणालाही न वगळता. याला क्लेड म्हणतात. फुप्फुसाने श्वास घेणारा लंगफिश घ्या, ट्यूना घ्या आणि माणूस घ्या. लंगफिशचा आणि आपला सामाईक पूर्वज हा लंगफिशचा आणि ट्यूनाचा सामाईक पूर्वज होता त्याच्या नंतरचा आहे. म्हणजे लंगफिश आणि ट्यूना यांना एका गटात घालायचं तर आपल्यालाही त्यात घ्यावं लागतं. 'मासे' म्हणताना आपण चार पायांचे सगळे वारस बाहेर काढतो म्हणून तो गट वंशावळीत बसत नाही. सरिसृपांचं तेच, पक्ष्यांना वगळलं की तो गट अर्धवट राहतो. मासे नसतात असा याचा अर्थ नाही, रोजच्या बोलण्यात शब्द अगदी चालतो.

आणि पक्षी डायनासोर कसे, तर तिथे डीएनए उपयोगाचाच नाही कारण तेवढ्या जुन्या हाडांत तो उरत नाही. तिथे सगळं काम हाडांवर झालंय. जॉन ऑस्ट्रम या जीवाश्मशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये डायनोनिकस या मांसाहारी डायनासोरचं वर्णन केलं आणि नंतर त्याची हाडं आर्किओप्टेरिक्स या फार जुन्या पिसंवाल्या पक्ष्याच्या हाडांशी ताडून पाहिली तेव्हा मनगटातलं अर्धचंद्राच्या आकाराचं हाड, पोकळ हाडं, हाताची तीन बोटं असं सगळं जुळत गेलं. मग १९९६ मध्ये चीनमधून सायनोसॉरोप्टेरिक्स आला, अंगावर पिसांसारखे तंतू असलेला डायनासोर. पक्षी त्या फांदीतूनच फुटले, म्हणून क्लेडच्या नियमाने ते डायनासोरच.

आता डीएनए. लोकांना वाटतं डीएनए मशीनमध्ये घातला की नातं छापून येतं. तसं नाही, डीएनएमधली अक्षरं हीसुद्धा लक्षणंच आहेत, फक्त हाडांची शेकडो असतात तर ही हजारो लाखो मिळतात. आधी सगळ्या जीवांमधला एकच जीन निवडायचा, मग त्याच्या ओळी एकाखाली एक अशा लावायच्या की मूळच्या एकाच जागेची अक्षरं एकाच रकान्यात येतील, याला अलाइनमेंट म्हणतात आणि ही पायरी गडबडली तर पुढचं सगळं गडबडतं. जीन कुठला घ्यायचा तेही प्रश्नावर ठरतं. जवळच्या स्पीशीज, म्हणजे प्रजाती, वेगळ्या करायच्या तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) भरभर बदलणारा जीन बरा, फार खोलवरची नाती शोधायची तर अगदी हळू बदलणारा, जसा पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएचा. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच आरएनएची तुलना केली आणि जीवाणू म्हणून गणले जाणारे काही जीव जीवाणू नसून तिसरीच शाखा आहेत हे दाखवलं, आज आपण त्यांना आर्किया म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघून हे कधीच कळलं नसतं.

मग येतं झाड शोधणं आणि ते किती अवघड असतं याची कल्पना आकड्यांनी येते. तीन जीवांची झाडं तीनच होतात, चारांची १५, पाचांची १०५, आणि दहा जीवांची ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५. वीस जीव घेतले तर आठावर २१ शून्यं लिहावी लागतील त्याहूनही जास्त. सगळी तपासणं कुठल्याच कॉम्प्युटरला शक्य नाही, त्यामुळे एका बऱ्या झाडापासून सुरू करून थोड्या थोड्या फांद्या हलवत सुधारत जातात.

चांगलं झाड कुठलं हे ठरवायला पार्सिमनी इथेही चालते पण तिला एक धोका आहे, जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी तो १९७८ मध्ये दाखवला. डीएनएची अक्षरं चारच. दोन वंश खूप भरभर बदलत असतील तर निव्वळ योगायोगाने दोघांकडे बऱ्याच जागी तेच अक्षर येणार, आणि पार्सिमनी त्या योगायोगाला नातं समजून दोघांना चिकटवते. वाईट म्हणजे जितका जास्त डेटा द्याल तितकी ती जास्त ठामपणे चुकते. म्हणून आता मॅक्झिमम लाइकलीहूड आणि बेजियन पद्धती वापरतात, ज्यात कुठलं अक्षर किती वेगाने कशात बदलतं याचं गणिती मॉडेल असतं, एकाच जागी दोनतीनदा बदल होऊन गेला असेल हेही धरलं जातं आणि मग विचारलं जातं की कुठल्या झाडावर आपल्या हातातला डेटा मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शिवाय भरभर बदलणाऱ्या वंशांच्या त्या लांब फांद्यांच्या अधेमधे बसणारे आणखी जीव शोधून घातले तरी खूप फरक पडतो.

झाडांच्या फांद्यांवर तुम्हाला ९८, १०० असे आकडे दिसतील. ते बहुतेक वेळा बूटस्ट्रॅपचे असतात, हीसुद्धा फेल्सनस्टाइन यांचीच, १९८५ ची कल्पना. अलाइनमेंटचे रकाने चिठ्ठ्या काढल्यासारखे उचलून, काही दोनदा येतात काही येतच नाहीत, नवीन डेटा बनवायचा, झाड काढायचं, असं समजा हजार वेळा करायचं आणि ती फांदी किती टक्के वेळा आली ते लिहायचं. १०० म्हणजे डेटा एकमुखाने बोलतोय. पण मॉडेलच चुकीचं असेल तर तो एकमुखाने चूकही बोलू शकतो, म्हणून नुसता आकडा बघून विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट मला कळली तेव्हा धक्काच बसला होता. वेगवेगळ्या जीनची झाडं वेगवेगळी येऊ शकतात आणि त्यात कुणाचीच चूक नसते. माणूस आणि चिंपांझी एकमेकांना सगळ्यात जवळचे आणि गोरिला जरा लांबचा हे पक्कं आहे, तरी २०१२ मध्ये गोरिलाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून झाला तेव्हा दिसलं की जीनोमच्या साधारण ३० टक्के भागात माणूस किंवा चिंपांझी गोरिलाला जास्त जवळचा निघतो. कारण पूर्वजांच्या कळपातच एकेका जीनची दोनतीन रूपं होती, आणि वंश लागोपाठ वेगळे झाले तेव्हा कुठलं रूप कोणाकडे टिकलं हे बरंचसं नशिबावर गेलं. म्हणून आता एका जीनवर न थांबता शेकडो जीन घेऊन त्यांच्या मागचा स्पीशीजचा वृक्ष शोधतात. जीवाणूंमध्ये तर जीन शेजाऱ्याकडूनही येतात, तिथे झाडापेक्षा जाळं जास्त खरं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, दोघांचं पटलं नाही तर. यासाठी देवमाशासारखी गोष्ट नाही. जीवाश्मवाले दातांवरून म्हणायचे की देवमासे मेसोनिकिड नावाच्या लांडग्यासारख्या दिसणाऱ्या, आता नामशेष झालेल्या खुरवाल्या प्राण्यांपासून आले. डीएनएवाले १९९० च्या दशकात म्हणायला लागले की नाही, त्यांचा आजचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे, आणि पाणघोडा तर सगळ्यांना डुकराचा भाऊ वाटायचा. दोन्हीकडचे लोक आपल्या पुराव्यावर ठाम होते. मग १९९९ मध्ये जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या टीमने वेगळ्याच प्रकारचा पुरावा आणला. जीनोममध्ये डीएनएचे काही छोटे तुकडे स्वतःची प्रत काढून कुठेही जाऊन बसतात आणि एकदा बसले की सहसा निघत नाहीत. तोच तुकडा नेमका त्याच जागी दोन वंशांत स्वतंत्रपणे बसेल ही शक्यता फारच कमी. असे तुकडे देवमासे आणि पाणघोडा यांच्यात एकाच जागी सापडले आणि बाकीच्या खुरवाल्यांमध्ये ती जागा मोकळी होती. हेनिगने मागितलेलं नवं आणि वाटून घेतलेलं साम्य इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच मिळतं.

तरी हाडांचं काय हा प्रश्न उरलाच होता. गाय, हरिण, डुक्कर, पाणघोडा यांच्या घोट्यात दोन्ही टोकांना कप्पीसारखं असलेलं एक खास हाड असतं, दुसऱ्या कुठल्याही सस्तनात नाही, पण आजच्या देवमाशांना मागचे पायच नाहीत तर घोटा बघणार कुठे. २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पाय शाबूत असलेल्या प्राचीन देवमाशांचे सांगाडे दोन वेगळ्या टीमनी प्रसिद्ध केले आणि त्या घोट्यांत तेच दुहेरी कप्पीचं हाड होतं. वर्षानुवर्षं डीएनएच्या विरोधात बोलणाऱ्यांनीही मत बदललं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की आपोआप कुणीच जिंकत नाही, दोघांपैकी कोणाच्या पुराव्यात योगायोग शिरायला जास्त जागा आहे ते बघायचं आणि दोघांशीही संबंध नसलेला तिसरा पुरावा शोधायला निघायचं. मेसोनिकिडचे दात देवमाशांसारखे होते कारण दोघंही मांस खायचे, चपट्या शंखांसारखीच गोष्ट.

सगळीकडे असं सुटतंच असं नाही. सगळ्या प्राण्यांच्या झाडाची पहिली फांदी स्पंजची की कॉम्ब जेली या जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याची, यावर २००८ पासून वाद चालू आहे. कॉम्ब जेलीला चेतापेशी आणि स्नायू आहेत, स्पंजला दोन्ही नाहीत, त्यामुळे कॉम्ब जेली आधी वेगळी झाली असेल तर चेतासंस्था एक तर दोनदा आली किंवा स्पंजनी ती गमावली. जीनच्या अक्षरांवरून मॉडेल बदललं की उत्तर बदलायचं. २०२३ मध्ये एका टीमने अक्षरं बाजूला ठेवून क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रांवर, कुठले जीन एकत्र राहतात तेच बघितलं. काही जीनचे गट कॉम्ब जेलीत आणि प्राण्यांच्या बाहेरच्या एकपेशीय नातेवाइकांत वेगवेगळ्या क्रोमोसोमवर आहेत आणि स्पंजसकट बाकी सगळ्या प्राण्यांत एकमेकांत मिसळून गेलेले आहेत, आणि एकदा मिसळलेले जीन परत जसेच्या तसे वेगळे होणं जवळजवळ अशक्य. त्यांच्या मते कॉम्ब जेली आधी. मला हा पुरावा बराच जोरदार वाटतो, पण स्पंजच्या बाजूचे लोक अजून उत्तरं देतायत आणि त्यांचे पेपर मी वाचतेय.